सोनटक्क्याचं बेट फोडताना

2022 च्या गौरी आल्या तेव्हा आमच्या सोनटक्क्याच्या बेटात मोजून चार तुरे होते. लग्न होऊन साताऱ्यातल्या या घरात आले त्या वर्षी याच बेटातून सासूबाईंनी परडी भरून फुलं काढलेली मला आठवतात. गौरींना वाहून, शेजारच्या दोन घरी देऊनही वेणीपुरती उरली होती. तेव्हापेक्षा बेट आता तिप्पट झालं होतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेलं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, हिरवंगार. पानांना तोटा नव्हता, फुलं तेवढी गेली होती.

मला वाटलं, झाड उपाशी आहे. त्याआधीची दोन वर्षं मी त्याला खायला घालत होते. उन्हाळ्यात दोन घमेली शेणखत, पावसाळ्याच्या तोंडाशी गांडूळखत, मध्येच कुणीतरी सांगितलं म्हणून पेंडीचं पाणी. पानं आणखी रुंद झाली, दांडे आणखी उंच झाले आणि वाऱ्यानं आडवे पडू लागले. नत्र जास्त झालं की झाड पानांवर जोर धरतं हे मला भाजीच्या वाफ्यावरून ठाऊक होतं, पण सोनटक्क्याच्या बाबतीत ते सुचलं नाही. वर्षानुवर्षं तिथेच उभं असलेलं झाड आपल्याला नीट दिसेनासं होतं, तसं काहीसं झालं असावं.

गौरी-गणपती झाल्यावर एका सकाळी दांडे बाजूला सारून मी बेटाच्या मधोमध वाकून पाहिलं. मधे काहीच नव्हतं. हातभर रुंदीचा रिकामा गोल, त्यात वाळलेले खुंट, आणि जुने गड्डे एकावर एक चढून मातीच्या वर आलेले. फांदीसारखे राखाडी, नखानं दाबले तर पोकळ. जिवंत दांडे सगळे कडेला. बोटानं माती उकरून पाहिली तर बोट जाईना. खाली माती अशी उरलीच नव्हती, नुसतं मुळांचं आणि गड्ड्यांचं जाळं. मी वरून ओतत होते ते पाणी या जाळ्यावरून घसरून कडेला जात होतं.

सोनटक्का हा आलं, हळद आणि वेलदोडा यांच्याच कुळातला. त्याचा गड्डा जमिनीत आडवा सरकत जातो आणि पुढच्या टोकाला नवा डोळा धरतो. त्या डोळ्यातून दांडा वर येतो, त्याच्या शेंड्याला तुरा लागतो आणि फुलं संपली की त्या दांड्याचं काम संपतं. तोच दांडा पुन्हा कधीच फुलत नाही. पुढच्या वर्षीचं फूल पुढच्या नव्या डोळ्यातून. म्हणजे झाड सतत बाहेरच्या दिशेनं चालत असतं आणि मागची वाट जुनी होत जाते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला न्हाणीचा दगडी कट्टा, अशा जागेत चालायला वाव कुठून मिळणार? नवे डोळे जुन्या गड्ड्यांच्या पाठीवर चढत होते, आणि मातीचा आधार नसल्यामुळे दुबळे दांडे निघत होते.

बेट फोडायला हवं हे मी त्याच दिवशी ठरवलं. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. “जुन्या झाडाला उगीच हात लावू नकोस. रुसतं ते.”

“आई, आतून पोकळ झालंय. तुम्ही येऊन बघा तरी.”

त्या काठी टेकत आल्या, पाहिलं, काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “सगळं एकदम काढू नकोस.” त्यांचं हे एक वाक्य मी ऐकलं म्हणून आज आमच्याकडे सोनटक्का शिल्लक आहे.

चूक वेळेची झाली. माझ्याकडे बागकामाचं एक विलायती पुस्तक होतं, चांगलं जाडजूड, रंगीत चित्रांचं. त्यात लिहिलं होतं की फुलं संपली की शरदात बेटं फोडावीत. आमची फुलंही तेव्हाच संपत आली होती. शिवाय दिवाळीला मुलगा घरी येणार होता, पहार मारायला हात मिळणार होते. त्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला होता आणि माती अजून ओली होती, तीही मला सोयीची वाटली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अर्धं बेट उपसलं, चौदा तुकडे केले आणि परसात दोन ओळींत लावले. ऊन चढलं तसं मी रोज पाणी घालत राहिले.

पंधरा दिवसांत डोळ्यांवर हालचाल दिसेल असं वाटत होतं. महिना गेला, काही नाही. डिसेंबरात थंडी पडली. संक्रांतीच्या सुमाराला न राहवून एक तुकडा उकरला तर तो हातात लगदा होऊन आला, आंबूस वासाचा. चौदापैकी नऊ गेले. उरलेल्या पाचांनी जीव धरला होता, पण कोंब काढला तो थेट उन्हाळ्यात.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला, कारण ते नऊ तुकडे मनाला लागले होते. पुस्तक खोटं नव्हतं, ते थंड मुलखासाठी लिहिलेलं होतं. तिकडे शरदात हवा गार होते, माती मात्र अजून उबदार असते, वरून हलका पाऊस चालू असतो. झाडाची पानं झोपायला निघालेली आणि मुळं जागी, म्हणून तुकडा लावला की तो मुळं धरून हिवाळ्याला सामोरा जातो. आपल्याकडे ऑक्टोबरात ऊन पुन्हा तापतं, त्यामागून कोरडे महिने येतात, आणि सोनटक्का तर पावसाबरोबर वाढणारं झाड. फुलं संपल्यावर त्याची पानं हिरवी राहतात ती रिकामी नसतात. त्या दोन-तीन महिन्यांत ती गड्ड्यात साठा भरत असतात. मी नेमकी त्याच वेळी पानं छाटली, गड्ड्याला ताज्या जखमा केल्या, आणि वाढ थांबलेल्या त्या तुकड्यांना रोज पाणी पाजलं. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. ते कुजणारच होते.

तेव्हापासून फुलं कधी संपतात याआधी मी हा गड्डा पुन्हा कधी जागा होतो ते पाहते. सोनटक्क्याचा डोळा आमच्याकडे मे महिन्यात फुगायला लागतो. तांबूस-गुलाबी, टोकदार, हरभऱ्याएवढा. पाऊस यायच्या आत तो स्वतःच तयारीला लागतो. फोडायची वेळ तीच.

दुसरं अर्धं बेट मी 2023 च्या मे महिन्याच्या शेवटी काढलं, रोहिणी नक्षत्र लागल्यावर. दोन दिवस आधी संध्याकाळी भरपूर पाणी दिलं, म्हणजे माती सुटते आणि गड्डे भरलेले राहतात. सकाळी सहाला सुरुवात केली. दांडे वीतभर ठेवून कोयत्यानं छाटले. एवढा खुंट ठेवावा, तुकडा धरायला उपयोगी पडतो आणि वरची बाजू कुठली ते कळतं. मग बेटापासून वीतभर बाहेर कुदळीनं चर मारला. थेट बेटाच्या पोटात कुदळ घालायची नाही, चांगले तरुण गड्डे सगळे कडेलाच असतात आणि पहिल्याच घावात तुटतात. चर फूटभर खोल झाल्यावर पहार तिरकी घालून खालून उचललं. एका बाजूनं थोडं, मग दुसऱ्या बाजूनं, असं चहूकडून. सुटताना जो आवाज होतो तो कापड टरकावल्यासारखा. आल्याचा वास सगळ्या परसात पसरला होता.

काढलेला ढीग पिंपळाच्या सावलीत बारदानावर ठेवला. उन्हात ठेवला असता तर तासाभरात मुळं वाळली असती. मातीची ढेकळं हातानं झाडली, उरलेली पाण्यानं धुतली. धुतल्याशिवाय डोळे दिसत नाहीत, आणि डोळे दिसल्याशिवाय कापू नये. गड्डा हातात घेतला की तो कुठून आला आणि कुठे चालला हे कळतं. जुनी बाजू काळपट आणि वळकट्या पडलेली, नवी बाजू फिकट, कातडी तुकतुकीत, टोकाला डोळे. कापायचं ते दोन गड्ड्यांमध्ये जिथे कंबर असते तिथे, जखम लहान होते. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे आणि मूठभर मुळं राहतील असं पाहिलं. एका डोळ्याचा तुकडाही जगतो, पण त्याला फुलावर यायला एक वर्ष जास्त लागतं. सुरी मधूनमधून गॅसच्या ज्योतीवर धरून घेत होते. कुजका भाग एकाला असला तर तो दहांना लागायला नको.

जुना पोकळ भाग टाकून देताना हात अडखळला. इतकी वर्षं जपलेलं झाड! सासूबाई कट्ट्यावर बसून सगळं पाहत होत्या. त्यांनीच सांगितलं, “तो घेऊ नकोस. बियाण्याच्या हळदीतसुद्धा पोकळ गड्डा आम्ही बाजूलाच काढायचो.” त्यांच्या माहेरी हळदीचं पीक असे. त्यानंतर त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि तुकडे निवडायला माझ्या शेजारी बसल्या. डोळा ओळखण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पक्का. मी जो बाजूला काढला त्यातले चार त्यांनी परत उचलून “याला आहे बघ जीव” म्हणून दिले, आणि ते चारही उगवले.

एकूण एकतीस तुकडे झाले. कापलेल्या तोंडांना राख लावली आणि दिवसभर सावलीतच राहू दिले, म्हणजे जखम सुकते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावले. जुन्या जागेची माती दीड फूट खणून उलटी केली होती. तीत दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि निचऱ्यासाठी एक घमेलं वाळू. जागा तीच ठेवली, कारण सोनटक्क्याला ओल आणि दुपारनंतरची सावली दोन्ही तिथेच मिळतात. तुकडे आडवे ठेवले, डोळे वर, वरून दोन बोटं माती. खोल पुरले तर कोंबाची ताकद माती फोडण्यातच जाते. दोन तुकड्यांत दीड हात अंतर. लावल्यावर ते फारच विरळ दिसत होतं, मधली जागा भरून काढायचा मोह होत होता. पण ती रिकामी जागा म्हणजे झाडाची पुढच्या चार वर्षांची वाट. या हिशेबानं जुन्या जागेत नऊच बसले. सहा परसाच्या खालच्या कोपऱ्यात लावले. बाकीचे वाटून टाकले.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. मुंबईतच मोसमी पाऊस 25 जूनला पोचला, आमच्याकडेही त्याच सुमाराला आभाळ भरून आलं. तोवर महिनाभर मी एक दिवसाआड पाणी घालत होते, तेही झारीनं, वरची पालापाचोळ्याची थर ओली होईल इतकंच. मागच्या चुकीमुळे हात आखडता होता आणि ते बरंच झालं. अठराव्या दिवशी पहिला कोंब दिसला. पाऊस सुरू झाल्यावर एकेक करत नऊच्या नऊ वर आले. ऑगस्ट पुन्हा कोरडा गेला, 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता तो. पण तोपर्यंत मुळं खाली उतरली होती आणि न्हाणीचं पाणी पुरलं.

पहिल्या वर्षी फुलं फार येत नाहीत, ती अपेक्षा धरू नये. झाड आधी मुळं धरतं. गौरींना एकही तुरा नव्हता, ऑक्टोबरात सहा आले. 2024 च्या भाद्रपदात मात्र जुन्या जागेतच सव्वीस तुरे मोजले. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी कळ्या उमलायच्या आणि वास ओसरीपर्यंत यायचा.

एकदा सोनटक्क्यानं डोळे उघडले म्हटल्यावर बागेतलं बाकीचं दाटलेपण दिसायला लागलं. निशिगंधाचा वाफा पाच वर्षं तसाच होता आणि शेवटची दोन वर्षं त्यात गवतासारखी पानंच येत होती. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. फूल देऊन झालं की तो संपतो आणि त्याच्या भोवती पिल्लं धरतात. पिल्लं जागच्या जागी राहिली तर एकमेकांत दाटून पोसतच नाहीत. सोनटक्क्यासारखं त्याला मेपर्यंत थांबायचं नव्हतं. फेब्रुवारीत पाणी तोडलं, पानं पिवळी पडली, मार्चच्या सुरुवातीला कंद काढले. एकेका जुड्यात पंधरा-वीस निघाले. मोठ्या गोटीएवढे, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे, ते फुलासाठी वेगळे. शेंगदाण्याएवढे वेगळ्या वाफ्यात नुसते पोसायला. सगळे महिनाभर सावलीत पसरून ठेवले. ही विश्रांती त्यांना लागतेच, ओले काढून ओले लावलेले कंद रेंगाळतात. एप्रिलमध्ये लावले, ऑगस्टच्या सुरुवातीला पहिली दांडी आली.

गवती चहाचं काम अर्ध्या तासाचं. पहिला दमदार पाऊस झाला की जुना ठोंब उपटायचा, पाती वीतभर ठेवून छाटायची, आणि पाच-सहा फुटव्यांचा एकेक जुडगा मुळांसकट हातानंच वेगळा करायचा. मधला वाळका भाग टाकायचा. शेवंतीत तर जुनं झाड ठेवायचंच नाही. डिसेंबर-जानेवारीत बहर संपला की झाड खाली छाटावं, मग बुडातून काश्या फुटतात. त्या मुळांसकट काढून उन्हाळाभर आडोशाला जपाव्यात आणि पावसाच्या आधी नव्या जागी लावाव्यात. जर्बेऱ्याचे गड्डे फोडताना एकच जपायचं, पानं जिथून निघतात तो मधला भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. तिथे माती बसली की तो सडतो.

आणि एक ठिकाणी सासूबाईंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. अंगणात तुळशीपाशी फुटबॉल लिलीची जुनी कुंडी आहे. वळवाच्या पावसाबरोबर मे महिन्यात लाल चेंडू वर येतात, पानं नंतर. कंद इतके दाटले होते की कुंडी एका बाजूनं फुगली होती. “तिला नको हात लावू,” त्या म्हणाल्या. मी 2024 च्या जानेवारीत, कंद झोपेत असताना, नीट काळजीनं वेगळे केले. एकही मेला नाही. पण त्या मे महिन्यात एकही चेंडू आला नाही, फक्त पानं आली. पुढच्या वर्षी अकरापैकी तीनच फुलले. हा कंद दाटीत सुखी असतो, हलवला की एखादं-दुसरं वर्ष गप्प बसतो. पावसाळी लिलीचंही तसंच आहे, गुलाबी फुलांचा ताटवा दाटल्यावरच शोभतो. कुंडी फुटायला आली तरच यांना हलवावं, आणि हलवलं तर वाट पाहायची तयारी ठेवावी. मी सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “रुसतं म्हणजे काय, ते हेच.”

वाटण्याबद्दल एक कळकळीनं सांगायचं आहे. फोडल्यावर तुकडे नेहमी गरजेपेक्षा जास्त निघतात, आणि उरलेले ओढ्याकाठी टाकून द्यायची आपल्याला सवय असते. सोनटक्का, कर्दळ यांचे टाकलेले तुकडे ओलीत रुजतात. सोनटक्का मूळचा हिमालयाच्या परिसरातला, पण बागांतून बाहेर पडून ब्राझील आणि हवाईमध्ये तो ओढ्यांच्या काठानं असा पसरला आहे की तिथली मूळची झाडं मागे सरतात. मी नको असलेले गड्डे बारीक चिरून आधी उन्हात कडकडीत वाळवते आणि मगच खतखड्ड्यात टाकते.

या ऑक्टोबरात फुलं भरात असताना पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई वासावरून शोधत आल्या. त्यांना एक गड्डा हवा होता, तो तेव्हाच. “दोन पानं असलेला द्या, मी पिशवी आणलीये.” पानं हिरवीगार होती, साठा भरण्याचे दिवस होते. मी त्यांना ओंजळभर फुलं दिली आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात या म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. मी टाळते आहे असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांना बेटापाशी नेलं, माती थोडी सारून गड्डा दाखवला, डोळा अजून कसा मिटलेला आहे ते त्यांच्या बोटाला लावून दाखवलं. कॅलेंडरच्या शेवटच्या पानामागे अशी पाच नावं झाली आहेत. नवं कॅलेंडर आलं की ती मे महिन्यावर उतरवून घेईन.